शेवटचे साठ मीटर

घूस थांबली तेव्हा तिच्या नाकाखाली फक्त साठ मीटर बर्फ उरला होता. त्याखाली पाणी होतं.

डॉ. हेमांगी सावर्डेकरनं आधी पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या बशीर मुकादमांकडे. अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या त्या छोट्या तळावर मोहिमेची प्रमुख ती होती आणि यंत्रं बशीरभाईंच्या ताब्यात होती.

"हिला काय झालं?"

"तिला काही झालं नाही, मॅडम. मी थांबवली. गोठू नये एवढी ऊब ठेवलीय."

"का?"

बशीरभाई दाभोळचे. बोटींच्या इंजिनांपासून सुरुवात करून ही मोहीम चालवणाऱ्या रत्नागिरीच्या संस्थेत मुख्य अभियंता झालेले. वाईट बातमी द्यायची असली की ते आधी चष्मा पुसत. आता त्यांनी चष्मा काढला.

"मागच्या पेटीतला दाब उतरलाय. कालपासून थोडा थोडा उतरतोय. आधी वाटलं मोजमाप चुकतंय. आता बाहेरच्या पाण्यात आपलं तेल दिसायला लागलंय. सील गेलं."

टेबलावरचा थंड झालेला चहा हेमांगीनं एका घोटात संपवला आणि पेला इतक्या जोरात ठेवला की पलीकडे झोपलेला भूकंपमापनवाला उठून बसला.

यंत्राचं कागदावरचं नाव होतं 'अतल'. पण बर्फात बीळ करत जाणाऱ्या त्या लांबुळक्या धुडाला पहिल्याच चाचणीत कुणीतरी घूस म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. तिचं नाक तांब्याचं होतं, विजेनं तापणारं. ते बर्फाला लागलं की बर्फ वितळायचा आणि घूस आपल्याच वजनानं खाली सरकायची. तिच्या पोटात बारीक तारेचं प्रचंड रीळ होतं. जसजशी ती खाली जाई, तसतशी तार मागे सुटत जाई. वरचं पाणी लगेच गोठून बीळ बुजून जाई. खरी युक्ती तीच होती. बुजलेल्या बिळातून वरच्या जगातलं काहीही खाली जाऊ शकत नव्हतं. घूसही कधी परत येणार नव्हती. जायचं, पाहायचं, तारेतून कळवायचं आणि तिथंच राहायचं.

खाली एक तळं होतं. तीन किलोमीटरहून जाड बर्फाच्या ओझ्याखाली, पृथ्वीच्या पोटातल्या उबेमुळे न गोठलेलं. एक कोटी वर्षांपेक्षा जास्त काळ त्यात उजेड गेला नव्हता, वारा गेला नव्हता. तिथं जीव असेल तर तो कुणाचाही नातेवाईक नसल्यासारखा, एकट्यानं वाढलेला असेल. नसेल, तर पृथ्वीवर पाणी असूनही जीव नसलेली ती पहिली जागा ठरेल. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी पुस्तकं नव्यानं लिहावी लागणार होती.

म्हणूनच घूस आत पाठवताना ती निर्जंतुक असणं सगळ्यात महत्त्वाचं होतं. तिचं बाहेरचं अंग भाजून, धुऊन, किरणांखाली धरून स्वच्छ केलेलं होतं. मागच्या पेटीत मात्र नाजूक उपकरणं होती. ती भाजली असती तर मेली असती. म्हणून ती तेलात बुडवून पेटी पक्की बंद केली होती. पेटीत माणसाच्या हातावरचे जंतू असणारच हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते बाहेर येणार नाहीत एवढाच भरवसा होता.

आता ते बाहेर येत होते.

"साठ मीटर, भाई," हेमांगी म्हणाली. "अकरा वर्षं आणि साठ मीटर."

"मला मोजता येतं, मॅडम."

तेवढ्यात तळाचा व्यवस्थापक जोकिम लोबो आत आला. रसद, विमान, हवामान हे सगळं तो बघत असे. बुटांवरचा बर्फ झाडतच त्यानं सांगितलं, "मॅडम, विमान आठवडाभर आधी येतंय. परवा. मागून मोठं वादळ आहे. ते आलं की या हंगामात पुन्हा विमान नाही."

"आम्ही थांबलो तर?"

"आठ माणसं, आणि खायला सहा आठवड्यांचं. थांबायचं कसं?" लोबो गोव्याच्या माणसासारखा हसत बोलायचा, पण तेव्हा हसला नाही. "तळावरच्या मुलांनी मला विचारायला सांगितलंय. मॅडम परवा निघणार ना, म्हणून. मी हो म्हणून बसलोय."

हेमांगीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दाराशीच थबकला. घूस तासाला दीड-दोन मीटर उतरायची. परवापर्यंत ती पाण्यात पोचली असती. विमान येईपर्यंत वीज चालू ठेवता आली असती, त्यानंतर नाही. आणि एकदा वीज गेली की घूस तिथल्या तिथं गोठणार, कायमची. पुढच्या वर्षी येऊन तिला जागं करणं अशक्य होतं.

म्हणजे घाणेरडी पेटी घेऊन आत जायचं, नाहीतर अकरा वर्षं बर्फात पुरून घरी जायचं. तिसरा रस्ता तिनं खूप शोधला. तो नव्हता.

दुपारी संकटाचा संदेश आला. पूर्वेकडून, त्यांच्या तळापासून फार लांब नाही, एका बर्फगाडीतून. गाडीत एकच माणूस होता. त्या पठारावर एकट्यानं गाडी घेऊन निघणं हा शुद्ध वेडेपणा होता. लोबो आणि हेमांगी दोघं निघाले. एका भेगेत पुढचा पट्टा अडकून गाडी तिरकी झाली होती. आतल्या माणसाचे हातमोजे ओले होऊन गोठले होते आणि उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती.

त्यानं डोळे उघडले आणि मराठीत म्हणाला, "हेमा, तू आत गेलीस का?"

तो निरंजन ठकार होता.

पुण्यात दोघं एका वर्गात होते, एकाच मार्गदर्शकाकडे शिकलेले. मग हेमांगी रत्नागिरीला गेली, निरंजन एका मोठ्या परदेशी कंपनीच्या मोहिमेत. दोन वर्षांपूर्वी त्यानं इथून जवळच्याच दुसऱ्या एका तळ्यात जीव सापडल्याचं जाहीर केलं होतं. सगळ्या जगानं त्याचा फोटो छापला. त्या दिवशी हेमांगीनं त्याला अभिनंदनाचा फोन केला होता आणि मग दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. तिच्या तळ्याला लोक तेव्हापासून 'दुसरं' म्हणायला लागले होते.

तळावर परतल्यावर तंबूत त्याची बोटं कोमट पाण्यात होती. वेदनेनं तो दात आवळत होता, पण बोलायचं थांबत नव्हता.

"सांग ना, गेलीस का?"

"नाही. तू कुणाला न सांगता का निघालास? मरायला?"

"तुला गाठायला. रेडिओवर बोलता येत नव्हतं. आमचं सगळं बोलणं कंपनी ऐकते." त्यानं बशीरभाईंकडे पाहिलं.

"ते इथंच राहतील," हेमांगी म्हणाली.

निरंजन म्हणाला, "तो जीव माझा आहे."

"तो तूच शोधलास. सगळ्यांना माहीत आहे."

"तसं नाही. माझा म्हणजे माझा. माझ्या हातावरचा." तो हसला, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "पहिल्यांदा तपासलं तेव्हा थंड पाण्यातल्या कुठल्याच ज्ञात जंतूशी जुळत नव्हता. नवीनच वाटला. या वर्षी पुन्हा पाणी काढलं. तो बदललाय, हेमा. थंडीला, दाबाला सरावलाय. कुठल्या दिशेनं बदललाय ते उलटं मोजत गेलो, तर सुरुवात आली माणसाच्या कातडीवर. मग मोहिमेतल्या सगळ्यांचे नमुने घेतले. माझ्याशी जुळला. ड्रिलच्या तेलातून गेला असणार."

"आणि तळ्यात आधी काय होतं?"

"ते आता कधीच कळणार नाही. आता तिथं तोच आहे. भरून राहिलाय. दर खेपेला आधीपेक्षा जास्त सापडतो." त्यानं पाण्यातला हात बाहेर काढला आणि बोटांकडे असं पाहिलं जसं ती दुसऱ्या कुणाची असावीत. "एक कोटी वर्षांचं तळं. त्यात मी हात धुतले."

कंपनीला सांगितलंस का, असं हेमांगीनं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. तिथं अजून कुणालाच माहीत नव्हतं. मग तो मुख्य गोष्टीवर आला.

"म्हणून तुझ्याकडे आलो. तू आत जा. कदाचित तुझ्या तळ्यातही तोच जीव असेल. म्हणजे तो इथलाच, सगळीकडे आहे आणि माझं गणित चुकलंय. तसं असू शकतं. असू शकतं की नाही?"

बशीरभाईंनी चष्मा काढला. हेमांगीनं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

बाहेर येऊन दोघं वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. सूर्य क्षितिजाला टेकल्यासारखा होता, पण मावळत नव्हता.

"त्यांना सांगा की आपलं सील गेलंय," बशीरभाई म्हणाले.

"कशाला?"

"मॅडम, आपल्या पेटीत आपल्या हातावरचे जंतू आहेत. तेही तसलेच असणार, माणसाच्या कातडीवरचे. आपण आत गेलो तर तेच सापडणार. ठकारसाहेब म्हणणार, बघा, दोन तळ्यांत एकाच जातीचा जीव. जग टाळ्या वाजवणार. तुम्ही दोघं मोठे होणार."

"मी तसं काही म्हटलं का?"

"अजून नाही म्हटलं."

तिचा तोल गेला. "तुम्ही मला शिकवू नका, भाई! सील तुमचं होतं. तुमच्या कारखान्यात बसवलं होतं. आणि आता इथं उभं राहून मला धर्म सांगताय?"

बशीरभाईंचा चेहरा उतरला. ते जनरेटरच्या खोलीकडे निघून गेले. अकरा वर्षांत ती त्यांना असं पहिल्यांदाच बोलली होती. शब्द परत घ्यावेसे वाटले, पण तितकाच रागही येत होता. सीलचा, विमानाचा, निरंजनचा, त्या साठ मीटरचा. आणि ज्यानं खरं सांगितलं होतं त्याचा सगळ्यात जास्त.

ती नियंत्रणकक्षात गेली आणि तिनं घूस पुन्हा चालू केली.

नाक तापायला लागलं. पडद्यावर खोलीचा आकडा सरकला. हेमांगीचे खांदे सैल पडले. केवढं सोपं होतं. सील आधीच गेलेलं होतं, तिनं काही फोडलं नव्हतं. तेल इतकं थोडं, तळं इतकं मोठं. कदाचित जंतू थंडीनं मरतीलही. आत काही वेगळं असेल तर ते वेगळं दिसेलच की! आपण फरक ओळखू. ओळखू शकत नसू, तर मग एवढी वर्षं शिकलो काय?

निरंजन हाताला बँडेज बांधून आत आला आणि तिच्या मागे उभा राहिला. सरकणारा आकडा पाहून त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला.

"चालू आहे!"

"हो."

"हेमा, आपण दोघं मिळून जाहीर करू. सर असते तर..." तो पडद्याजवळ वाकला. "दोन तळ्यांत तेच सापडलं की मग कुणी विचारणार नाही."

ती वळली. "काय विचारणार नाही?"

"काहीच."

तो इतक्या समाधानानं म्हणाला की तिनं त्याच्याकडे पुन्हा नीट पाहिलं. भेगेतून काढल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर शांतता होती. हाच माणूस वर्गात प्रत्येक तासाला हात वर करून प्रश्न विचारायचा. सर वैतागायचे. आणि आता कुणी विचारणार नाही या आनंदात तो उभा होता.

ती पडद्याकडे परतली. मनातल्या मनात ती संस्थेला पाठवायचा संदेश जुळवायला लागली होती, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. 'आमच्या यंत्रानं तळ्यात प्रवेश केला असून तिथं' इथपर्यंत वाक्य होत होतं. पुढे जात नव्हतं. तिथं जे काही दिसेल ते तळ्याचं की बशीरभाईंच्या हातावरचं, की तिच्या स्वतःच्या? ते पाहणारी ती एकटी असेल आणि तिलाही कळणार नाही. जगाला फसवता आलं असतं. त्याची भीती तिला तितकी वाटली नाही. पण स्वतःला कधीच कळणार नाही, आयुष्यभर त्या पाण्याकडे पाहत राहायचं आणि कळणार नाही, हे तिला सहन होईना. अकरा वर्षं ती मोठं होण्यासाठी इथं येत होती हे खरं होतं. पण त्याच्या तळाशी कुठंतरी तिला नुसतं पाहायचंही होतं.

"बशीरभाईंना बोलाव," ती म्हणाली.

"का?"

"बोलाव म्हटलं ना!"

बशीरभाई आले. त्यांनी आकडा पाहिला. घूस आणखी मीटरभर खाली गेली होती.

"वीज बंद करा, भाई."

त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "माझ्यानं नाही होणार, मॅडम. मी बनवलीय तिला."

"हेमा, हे काय चाललंय?" निरंजन ओरडला. "तू वेडी झालीस का?"

तिनं त्याला सील गेल्याचं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरची शांतता हळूहळू पुसली गेली. "तरीही जा," तो म्हणाला. मग पुन्हा, जवळजवळ विनवणीच्या सुरात, "तरीही जा ना."

हेमांगीनं बटण दाबलं. पहिल्यांदा ते नीट दाबलंच गेलं नाही. दुसऱ्यांदा दाबलं. नाकाचं तापमान उतरायला लागलं. काही वेळानं ते आजूबाजूच्या बर्फाइतकं झालं आणि तारेतून येणारे संकेत बंद पडले. बशीरभाई खुर्चीवर बसून लहान मुलासारखे रडले. हेमांगीला रडू आलं नाही. ती बाहेर गेली आणि रिकाम्या डब्यांच्या ढिगाला लाथा मारत राहिली, लोबोनं येऊन तिला आत नेईपर्यंत.

विमानात निरंजन तिच्याशी बोलला नाही. केपटाउनला उतरल्यावर कंपनीची माणसं त्याला घेऊन गेली. दोन आठवड्यांनी त्यानं मुलाखत दिली. त्याच्या तळ्यातला जीव थंडीशी कसा जुळवून घेतो, याबद्दल तो छान बोलला.

हेमांगीपुढे आता नवाच पेच होता. निरंजन खोटं बोलतोय असं तिनं सांगितलं असतं, तर स्वतः हात हलवत परत आलेली बाई जळते आहे, असंच लोक म्हणाले असते. आणि त्यात थोडं खरंही होतं. म्हणून तिनं निरंजनचं नावच घेतलं नाही. तिनं आपल्याच घुशीबद्दल लिहिलं. सील कसं गेलं, तेल कसं बाहेर आलं, पेटी बंद करताना राखून ठेवलेल्या तेलात मोहिमेतल्या कुणाच्या हातावरचे जंतू निघाले आणि ते कसं ओळखायचं. शेवटी एवढंच, की आजवर ज्यांनी ज्यांनी अशा तळ्यांत यंत्रं सोडली त्या सगळ्यांनी हीच तपासणी करावी. बशीरभाईंना तिनं मसुदा दाखवला, घाबरत घाबरत.

"सीलच्या परिच्छेदात माझं नाव टाका," ते म्हणाले.

"भाई, मी त्या दिवशी..."

"नाव टाका. आणि त्या दिवशीचं राहू दे आता."

वर्षभरात तपासण्या झाल्या. निरंजनला जीव सापडल्याचा दावा मागे घ्यावा लागला. त्याबरोबरच आंतरराष्ट्रीय परिषदेनं बर्फाखालची सगळी तळी पंचवीस वर्षांसाठी बंद करून टाकली. सगळीच, हेमांगीचंसुद्धा. एवढं स्वच्छ राखलेलं तळं, आणि त्याच्याकडे तिला आता फिरकायचीही परवानगी नव्हती. ज्यांनी घाण केली त्यांना आणि ज्यांनी केली नाही त्यांना एकच नियम लागू झाला. ती परिषदेच्या बैठकीत दोन वेळा भांडली. तिसऱ्या वेळी तिला बोलावलं नाही.

निरंजन एकदा रत्नागिरीला येऊन गेला. उजवा हात खिशातच ठेवून. ती दोघं भाट्याच्या पुळणीवर लाटांच्या कडेनं चालली. त्यानं तिला दोष दिला नाही.

"पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात ते हललं ना," तो म्हणाला, "तेव्हा मला माहीत नव्हतं. आम्ही सगळे नाचलो, हेमा. ती गोष्ट खोटी निघाली. पण तो आनंद मला झाला होता, तो कुणाला मागे घेता येत नाही. तुझ्याकडे काय आहे?"

तिनं घड्याळात पाहून त्याच्या बसची वेळ झाल्याचं सांगितलं. त्याला बसमध्ये बसवून दिल्यावर मात्र तिला इतका संताप आला की घरी येऊन तिनं दारच आपटलं. त्याचा हेवा वाटला होता. अजूनही. त्या खोट्या क्षणाचासुद्धा.

तिनं दाभोळला फोन लावला. बशीरभाई निवृत्त होऊन पुन्हा बोटींची इंजिनं दुरुस्त करत होते. मागे कुणीतरी हातोडी चालवत होतं.

"भाई, ती मागची पेटी. आतल्या उपकरणांसकट भाजता येईल अशी बनवता येईल का?"

"आता? बंदी आहे ना, मॅडम?"

"आहे. उठेल तेव्हा मी असेन की नाही माहीत नाही. तुम्हीही नसाल."

हातोडी थांबली. बशीरभाईंनी कुणाला तरी जरा गप्प राहायला सांगितलं.

"येईल कदाचित. उपकरणं वेगळी लागतील. आहेत ती सगळी टाकून पहिल्यापासून. पण मॅडम, आपल्याला ते पाणी बघायला नाही मिळणार."

"माहीत आहे मला!" ती जवळजवळ ओरडलीच.

"मग एवढ्या चिडून का विचारताय?"

"म्हणूनच," हेमांगी म्हणाली आणि कोरा कागद पुढे ओढून तिनं पेटीची पहिली रेघ मारली.